रिकाम्या स्टुलावर कोण बसणार?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळची फास्ट लोकल. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, पाठीवरची सॅक पोटावर. डोंबिवलीला चढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तेवढ्यात मामाचा मेसेज आला. एका बातमीची लिंक आणि तिच्याखाली एकच शब्द : 'नको.'

बातमी 'रश'ची होती. कॅनडाचा हा रॉक बँड २०१५मध्ये थांबला. २०२०मध्ये त्यांचा ड्रमर नील पिअर्ट गेला आणि आता हे थांबणं कायमचं, असं आम्ही सगळे फॅन धरून चाललो होतो. पण उरलेले दोघे, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन, अकरा वर्षांनी पुन्हा दौऱ्यावर निघणार होते. दौऱ्याचं नाव 'फिफ्टी समथिंग'. पहिला कार्यक्रम ७ जून २०२६ला लॉस एंजेलिसमध्ये. आणि नीलच्या जागी ड्रमवर कोण? अनिका निलेस नावाची एक जर्मन ड्रमर.

मी मामाला लगेच उत्तर टाकलं : 'अजिबात नको.'

हे आधीच कबूल करून टाकते, कारण आज मी तुम्हाला बरोबर याच्या उलटं सांगणार आहे. मला वाटतं, त्यांनी वाजवावं. नीलच्या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसावं. आणि आपण फॅन मंडळींनी 'आमच्या भावना' नावाचं कुलूप त्या स्टुलाला लावून ठेवू नये. मला इथपर्यंत यायला काही आठवडे लागले. मामा अजूनही आलेला नाही.

गालगागा, गालगागा

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रशचं नावही ऐकलं नसेल. हरकत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर 'तुझं ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नक्की काय गं?' हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की माझं उत्तर आता पाठ आहे. नेहमीचं रॉक गाणं साधारण चारच्या ठेक्यात चालतं, चार-पाच मिनिटांत संपतं आणि ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा तुम्हीही गुणगुणायला लागता. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना एवढ्यात करमत नाही. त्यांचं गाणं वीस मिनिटांचं असू शकतं. ते मध्येच सातच्या तालात जातं, पाचच्या तालात जातं, एखादी अख्खी गोष्ट सांगतं. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये किंग क्रिमसन, येस, जेनेसिस अशा बँड्सनी हा प्रकार रुजवला. रशची पोरं मात्र टोरांटोच्या उपनगरातली. बँड सुरू झाला १९६८मध्ये. पोरं तिघंच, आणि आवाज दहा जणांचा. गेडी ली गातो, बास वाजवतो आणि त्याच वेळी पायाने पेडल दाबून कीबोर्डचे सूरही काढतो. ॲलेक्स लाइफसन गिटारवर. आणि मागे नील.

त्यांचं 'वाय वाय झेड' नावाचं एक गाणं आहे, शब्दांशिवायचं. वाय वाय झेड हा टोरांटोच्या विमानतळाचा कोड. तो मोर्स कोडमध्ये वाजवला की जो ठेका तयार होतो, त्याच ठेक्यावर गाणं सुरू होतं. मोर्समध्ये एक लांब खूण असते, एक आखूड. आता जरा शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. लांब म्हणजे गुरू, दोन मात्रा. आखूड म्हणजे लघू, एक मात्रा. 'वाय'ची खूण लांब-आखूड-लांब-लांब. म्हणजे काय झालं? गालगागा! 'झेड'ची खूण लांब-लांब-आखूड-आखूड, म्हणजे गागालल. सगळं मिळून गालगागा गालगागा गागालल. सात, सात आणि सहा, एकूण वीस मात्रा. हे मला नववीत मराठीच्या तासाला, मागच्या बाकावर बसून कळलं आणि मी मोठ्याने हसले. बाई म्हणाल्या, 'वृत्तांमध्ये हसण्यासारखं काय आहे?' काय सांगणार? टोरांटोचा विमानतळ गझलेत बोलतो म्हणून?

पण मला पकडलं ते त्याच्या एक वर्ष आधी, दुसऱ्याच एका गाण्याने. मामाकडे कॅसेट्सचा एक खोका होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून त्याने कॉलेजात असताना पैसे साठवून घेतलेल्या. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं, त्या आठवड्यात त्याने तो खोका माळ्यावरून खाली काढला. मी आठवीत होते. त्यातल्या एका कॅसेटवर 'सबडिव्हिजन्स' हे गाणं होतं. मोठ्या शहराच्या कडेला, एकसारख्या घरांच्या वसाहतीत वाढणाऱ्या पोरांबद्दलचं. गटात बसलात तर ठीक, नाहीतर बाजूला पडा, या शाळेतल्या नियमाबद्दलचं. शब्द नीलचे होते. डोंबिवलीत, एकसारख्या बिल्डिंगांच्या रांगेत, वर्गातल्या कुठल्याच ग्रुपमध्ये न बसणाऱ्या मुलीला ते कळायला इंग्रजी फार चांगलं असायची गरज नव्हती.

म्हणजे बघा, मी फॅन झाले तेव्हा बँड थांबून वर्ष झालं होतं. मी जेवणाच्या पंगतीला उशिरा पोचलेली. मला जे मिळालं ते सगळं रेकॉर्ड केलेलं, संपलेलं. गेली नऊ वर्षं मी त्यांचे एकोणीस स्टुडिओ अल्बम उलटसुलट क्रमाने ऐकतेय. पण 'नवीन काय येणार?' हा फॅनचा सगळ्यात मोठा आनंद मला एकदाही मिळालेला नाही.

स्टूल एवढं पवित्र का?

मामाचं 'नको' समजून घ्यायचं तर नील पिअर्ट समजून घ्यायला हवा.

तो बँडमध्ये आला २९ जुलै १९७४ला. त्याआधी तो वडिलांच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत होता. बँडचा पहिला अमेरिका दौरा दोन आठवड्यांवर आला होता. तो नुसता ड्रमर म्हणून आला आणि बँडचा गीतकारही झाला. दुसऱ्या दोघांच्या मते हा माणूस सतत वाचत असतो, मग शब्द यानेच लिहावेत! चाहत्यांनी त्याला नाव दिलं 'द प्रोफेसर'. १९७५मध्ये त्यांचा एक अल्बम सपशेल आपटला. रेकॉर्ड कंपनीला सोपी, छोटी गाणी हवी होती. यांनी उलट पुढच्या अल्बमची एक अख्खी बाजू एकाच वीस मिनिटांच्या गोष्टीला दिली. बुडायचंच असेल तर आपल्या पद्धतीने बुडू, हा हिशोब. तो अल्बम म्हणजे १९७६चा '२११२'. त्याने बँड बुडाला नाही, तरला.

पण मला नीलबद्दल सगळ्यात जास्त आवडते ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा तो जगातल्या सर्वोत्तम ड्रमर्समध्ये गणला जात होता. चाळिशी ओलांडलेली. आणि या माणसाने फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे क्लास लावला. काड्या धरायची पद्धत बदलली, बसायची पद्धत बदलली, हात कसा फिरतो ते पुन्हा पहिल्यापासून शिकला. तुम्ही वर्गात पहिले आलेले असताना परत बालवाडीत जाऊन बसाल? तो बसला.

त्यानंतर ऑगस्ट १९९७मध्ये त्याची एकुलती मुलगी सेलेना कार अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको जॅकलीन कॅन्सरने गेली. नीलने सोबत्यांना सांगितलं, मला निवृत्त समजा. आणि मोटरसायकल काढली. कॅनडा, अमेरिका, मेक्सिको असा सुमारे ८८ हजार किलोमीटर एकटा फिरला. त्यावर त्याने 'घोस्ट रायडर' हे पुस्तक लिहिलं. ते मी बारावीच्या सुट्टीत वाचलं. या सगळ्या काळात गेडी आणि ॲलेक्सने काय केलं? वाट पाहिली. दुसरा ड्रमर बघितला नाही. तो परत आला, २००२मध्ये नवा अल्बम आला आणि त्यापुढे आणखी तेरा वर्षं ते वाजवत राहिले.

१ ऑगस्ट २०१५ला लॉस एंजेलिसच्या 'फोरम'मध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. पुढे नीलला मेंदूचा कॅन्सर झाला. साडेतीन वर्षं त्याने आणि जवळच्या माणसांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. तो ७ जानेवारी २०२०ला गेला आणि जगाला तीन दिवसांनी कळलं. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती. मी अकरावीत होते. मामाचा फोन आला. तो काहीच बोलेना. मागे 'सबडिव्हिजन्स' लावलेलं ऐकू येत होतं. आम्ही दोघांनी ते पूर्ण ऐकलं आणि फोन ठेवला.

आता कळलं 'नको' कुठून येतं? एक माणूस येईपर्यंत बँड थांबला होता. तो गेल्यावर बँड संपला. हिशोब सरळ आहे. मामाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर : एवढी वर्षं जागा राखली, आता विकताय कशाला?

शेवटचं गाणं कुणाचं?

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती त्याच शेवटच्या कार्यक्रमामुळे.

त्या दौऱ्यात त्यांनी गाणी उलट्या क्रमाने वाजवली होती. आधी नवीन, मग हळूहळू मागे मागे. रंगमंचही तसाच लहान होत जायचा. मोठमोठी यंत्रं एकेक करून निघून जायची. शेवटी उरायचा एखाद्या शाळेच्या हॉलसारखा सेट आणि खुर्चीवर ठेवलेला ॲम्प्लिफायर. आणि अगदी शेवटचं गाणं असायचं 'वर्किंग मॅन'. पहिल्या अल्बममधलं, १९७४चं.

हे मी शंभर वेळा वाचलं होतं. पण त्या ऑक्टोबरमध्ये, मामाशी मेसेजवर भांडता भांडता, एकदम ट्यूब पेटली. पहिल्या अल्बमवर नील नव्हताच! तो अल्बम निघाला तेव्हा ड्रमवर जॉन रट्सी होता, बँडचा जुना मित्र. तब्येतीच्या आणि आवडीनिवडीच्या कारणांनी तो बाहेर पडला आणि त्याच्या स्टुलावर ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा एक अनोळखी उंच पोरगा येऊन बसला. म्हणजे नील पिअर्टने रशबरोबर आयुष्यात वाजवलेलं शेवटचं गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी ठेक्याचं होतं. रट्सीने बसवलेलं गाणं नीलने एकेचाळीस वर्षं वाजवलं, आपल्या हाताने, आपल्यासारखं. त्याला कुणी 'नको' म्हटलं असतं तर?

ज्या स्टुलाला आपण मंदिर करून ठेवलंय, त्यावर नील स्वतःच बदली म्हणून आला होता.

आपल्याकडे तर हे नवीन नाही. 'नटसम्राट' डॉ. श्रीराम लागूंनी १९७०मध्ये उभं केलं आणि नंतर दत्ता भटांनी तेच बेलवलकर आपल्या पद्धतीने केले. कुणाचे चांगले, यावर आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून वाद घालतात. वाद घालता येतो, कारण दुसऱ्याने ते केलं. नसतं केलं तर वादाला काय उरलं असतं?

एका ताशाएवढी जागा

इथे मला स्वतःचं थोडं सांगावं लागेल. मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. आमच्या पथकाचा ताशाचा म्होरक्या, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'दादा' म्हणायचो, तो मे २०२१मध्ये करोनात गेला. चौतिशीचा होता. त्या वर्षी मिरवणुका नव्हत्याच. २०२२च्या पावसाळ्यात सराव पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या दिवशी एक विचित्र गोष्ट झाली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण ताशाच्या रांगेत सगळे असे उभे राहिले की मधे एका माणसाएवढी जागा मोकळी राहिली. दोन आठवडे आम्ही तसंच वाजवलं. ऐकायला भयंकर होतं. ताशा पुढे नेणारं कुणी नसलं की ढोलाला कळत नाही कधी वळायचं.

मग मला सांगितलं, तू मधे ये. मी एकोणीस वर्षांची. एक सीनियर सरळ म्हणाला, 'तो वाजवायचा तसं कुणालाच जमणार नाही, मग त्या जागेवर उभं तरी कशाला राहायचं?' मला राग आला नाही. माझ्या मनातही तेच होतं. एक दिवस दादाची आई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. त्यांचं घर मैदानाला लागूनच. कुणीतरी त्यांना म्हणालं, काकू, तुम्हाला त्रास होत असेल तर आम्ही सराव दुसरीकडे नेतो. त्या म्हणाल्या, 'दोन वर्षं खिडकीतून आवाज आला नाही. त्याचा त्रास जास्त होता रे.'

मी मधे उभी राहिले. दादासारखं वाजवलं का? नाही. विसर्जनाच्या दिवशी एक वळण चुकलेही, आणि पन्नास ढोल माझ्यामागे चुकले. अजूनही कुणीतरी म्हणतं, 'दादा असता ना, तर…' म्हणू देत. मीही म्हणते. पण आता आम्ही वाजवताना त्याचं नाव निघतं. त्या दोन आठवड्यांत, जागा मोकळी ठेवली होती तेव्हा, सगळे गप्प असायचे.

मला माहीत आहे, डोंबिवलीचं पथक आणि जगभर अल्बम खपलेला बँड यांची तुलना होत नाही. आम्हाला कुणी तिकीट काढून बघत नाही. पण जागा मोकळी ठेवणं म्हणजेच आदर, हे मी तेव्हापासून सहज मान्य करत नाही. नीलची पत्नी कॅरी आणि मुलगी ऑलिव्हिया यांनी या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिला आहे. ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांना चालतंय. मग मी हजारो किलोमीटरवरून कुठल्या अधिकाराने 'नको' म्हणते?

'आणि मुलगी?'

मामाच्या कॉलेजमधल्या दोस्तांचा एक ग्रुप आहे. त्यावर बातमी पडल्यावर एकाने लिहिलं, 'आणि मुलगी?' एवढंच. पुढे हसणारे चेहरे. मामाने मला तो स्क्रीनशॉट पाठवला. पाठवला म्हणजे त्यालाही तो खटकला असणार, असं मी धरून चालते.

रशचे फॅन म्हणजे चष्मा घातलेले पुरुष, हा विनोद खुद्द फॅनच करतात. मला तो विनोद कधी टोचला नाही. पण या प्रश्नाने टोचला. कारण तो प्रश्न मी मैदानावर ऐकलाय. 'ताशाला मुलगी?' ढोलाला चालते, ध्वजाला तर हवीच, पण ताशा पुढे न्यायला?

म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली : अनिका निलेस ही काही कुठून तरी उचलून आणलेली नाही. यूट्यूबवरच्या तिच्या स्वतःच्या रचनांमुळे ड्रमर्सच्या जगात ती कधीच माहीत झाली होती आणि २०२२मध्ये जेफ बेकसारख्या गिटारिस्टच्या दौऱ्यात तिने ड्रम वाजवले. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९७४मध्ये रशला अमेरिकेत ओळखत कोण होतं? क्लीव्हलँडच्या एका रेडिओ स्टेशनवर डोना हाल्पर नावाची बाई संगीत निवडायची. तिने कॅनडाहून आलेली ती रेकॉर्ड ऐकली आणि 'वर्किंग मॅन' हवेवर सोडलं. क्लीव्हलँड म्हणजे कारखान्यांचं गाव, कामगाराबद्दलचं गाणं. फोन खणखणायला लागले. तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे 'पुरुषांच्या बँड'चं अमेरिकेतलं दार एका बाईने उघडलं होतं. आता बावन्न वर्षांनी दुसरी येऊन आत बसतेय. इतकं दचकण्यासारखं काय आहे?

मग सगळं गोड आहे का?

नाही. मामाचं सगळंच चूक नाही, आणि मी त्याच्यासमोर हे कबूल केलं नसलं तरी तुमच्यासमोर करते.

मला भीती आहे ती पैशाची. आधी सात शहरांपुरता जाहीर झालेला दौरा मागणी बघून वाढत गेला. जुन्या आठवणी हा आता मोठा धंदा आहे. आपल्या आईबाबांच्या वयाचे लोक तरुणपण परत विकत घेतात आणि आपण न जगलेल्या काळासाठी हळवे होतो. मी तर त्याची जिवंत जाहिरात आहे. आपल्याकडचं एकही शहर यादीत नाही आणि अमेरिकेचं विमान, व्हिसा, तिकीट हे माझ्या इंटर्नशिपच्या मानधनात बसवायचं तर मला इंटर्न म्हणूनच निवृत्त व्हावं लागेल. तेव्हा मी कुणाचा खप वाढवायला हे लिहीत नाहीये.

आणि दुसरी भीती. निलेसकडून नीलची हुबेहूब नक्कल मागितली जाईल. प्रत्येक ठोका जिथल्या तिथे, नाहीतर आम्ही रागावू. तसं झालं तर मामा जिंकला. मग तो बँड राहणार नाही, मेणाचा पुतळा होईल. ज्या माणसाने चाळिशीनंतर स्वतःचीच शैली मोडून नव्याने शिकायला घेतली, त्याच्या नावाने दुसऱ्या कलाकाराला साच्यात घालणं हा त्याचा अपमान आहे. तिने मधेच कुठेतरी चुकावं, स्वतःचं काही घालावं, कुणाला तरी ते आवडू नये. तेव्हा मला पटेल की हे खरंच वाजवतायत.

गेडी आणि ॲलेक्स शाळेपासूनचे मित्र. दोघं आता बहात्तर वर्षांचे. पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्यासोबत तुम्ही रोज काही केलंत, ते करणं तुम्ही तिसऱ्याच्या जाण्यामुळे थांबवलंत, तर तुम्ही दोघांनी एकमेकांनाही थोडं गमावलं ना? त्यांनी थांबावं हे ठरवायचा हक्क त्यांना आहे. पुन्हा सुरू करावं हेही. फॅनचा हक्क एवढाच : ऐकायचं किंवा न ऐकायचं. मामाने ऐकू नये. खरंच. त्याचं दुःख खरं आहे आणि ते त्याला जपू दे. पण आपल्या दुःखाची शिस्त दुसऱ्यांना लावायची नसते.

तुमच्याकडेही अशी एखादी जागा असेल. बंद पडलेला नाटकाचा ग्रुप, सुटलेली क्रिकेटची टीम, एक मित्र गेल्यावर मोडलेली ट्रेकची सवय. 'त्याच्याशिवाय नको' म्हणून तुम्ही सगळे गप्प झाला असाल. एकदा विचारून बघा, तो गप्पपणा त्याच्यासाठी आहे की तुम्हाला चुकायची भीती वाटते म्हणून? माझ्या बाबतीत दुसरं होतं.

७ जूनची लॉस एंजेलिसची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे सोमवार, ८ जूनची सकाळ. कार्यक्रम 'फोरम'मध्येच आहे, जिथे नीलने शेवटचं वाजवलं तिथेच. मी नेहमीप्रमाणे लोकलमध्ये असेन, वरची कडी धरून, कुणीतरी प्रेक्षकांतून फोनवर काढलेला हलता व्हिडिओ शोधत. परवा मामाला म्हटलं, सापडला की पाठवते. तो म्हणाला, 'नको पाठवूस.' मग जरा वेळाने त्याचा मेसेज आला : 'ती सातच्या तालातला भाग कसा घेते, तेवढं सांग.'

सांगेन ना मामा.

पहिल्यांदा ऐकताय? इथून सुरुवात करा

'वर्किंग मॅन' (१९७४) : ड्रमवर जॉन रट्सी. नील येण्याआधीचा बँड. साधं, जड आणि रांगडं.

'२११२' (१९७६) : वीस मिनिटं हाताशी असतील तेव्हाच लावा. मधे तोडू नका.

'वाय वाय झेड' (१९८१) : टेबलावर बोटांनी गालगागा वाजवत ऐका. शेजारी बसलेल्यांची आधी माफी मागा.

'सबडिव्हिजन्स' (१९८२) : उपनगरात वाढलेल्या प्रत्येकासाठी.

'हेडलाँग फ्लाइट' (२०१२) : साठीला टेकलेल्या तीन माणसांचा वेग बघा. आणि मग वयाबद्दल काही बोलू नका.